फिकची वाट

१२ ऑक्टोबर

सीम आज घरी आला. दोन माणसांनी त्याला स्ट्रेचरवरून पुढच्या खोलीत आणलं. मी पलंग खिडकीपाशी लावला होता, म्हणजे त्याला रस्ता दिसेल. त्याने आधी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथून तर नुसती चर्चची भिंत दिसते." एवढंच. नासपतीच्या झाडावरून पडून खुबा मोडून घेतलेल्या माणसाने आभार मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती.

नर्स रीत सकाळ-संध्याकाळ येणार आहे. बाकी सगळं माझ्यावर. जेवण, शौचाचं भांडं, उशा, औषधं. आणि फिक. फिक हा सीमचा कुत्रा. त्याला फिरवायचं काम मी कधी केलेलं नाही. सीम आठवड्यातून दोनदा त्याला घेऊन वाळूच्या टेकड्यांत जायचा आणि संध्याकाळी परतायचा, दोघंही दमून खूश.

सीमने नियम घालून दिला आहे: रस्त्याने चर्चपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, पट्टा सोडायचा नाही. "टेकड्यांत जाऊ नकोस. तुला वाट सापडायची नाही, आणि मी तर आता शोधायला येऊ शकत नाही." लहानपणापासून माझा हा भाऊ अशीच माझी काळजी करत आलाय.

टेलिफोन पलंगाजवळ हवा म्हणाला. वायर पोचत नाही. कुणाला करायचाय, मी लावून देते, असं म्हटलं तर म्हणाला, कुणाला नाही.

१६ ऑक्टोबर

चर्चपर्यंत जाणं म्हणजे फिकच्या दृष्टीने जाणंच नव्हे. बेकरीच्या पुढे टेकड्यांकडे एक पायवाट फुटते. चर्च ओलांडून तिथवर तो मला ओढत नेतो आणि बसकण मारतो. ओढलं तर पुढचे पाय ताणून उभा राहतो. आज बेकरीतली व्हिल्मा दारातून बघत होती. म्हणाली, "जाऊ द्या ना त्याला, नेल. त्याला वाट पाठ आहे." आणि मग आत जाऊन उगाचच पावांची मांडामांड करू लागली.

२१ ऑक्टोबर

आज मी नियम मोडला.

सीमला औषधाने झोप लागली होती. ऊन स्वच्छ होतं. पायवाटेपाशी फिकने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी पट्टा सोडला. पाइनच्या झाडीतून चढ, मग एकदम उघडी वाळू. गवत वाऱ्याने आडवं पडलेलं, काटेरी झुडपांवर नारिंगी फळं लगडलेली. मला धाप लागली. आम्ही या टेकड्यांच्या पायथ्याशी राहतो, आणि मी वर शेवटची कधी आले होते ते आठवेना. माथ्यावरून एका बाजूला समुद्र दिसला, दुसऱ्या बाजूला सपाट हिरवी कुरणं, पाण्याचे चर, आणि त्यांत ठिपक्यांएवढ्या मेंढ्या. आमचं घर शोधायला वेळ लागला. किती लहान आहे ते.

परत आले तर सीम जागा होता. बटाटे सोलायला बसले. त्याने विचारलं, कुठे होतीस? मी म्हटलं, चर्चपाशी पाद्रीबाई भेटल्या, बोलत उभी राहिले. मी खोटं बोलले, आणि ते इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं.

३० ऑक्टोबर

आता मी रीत आल्यावर जाते. ती सीमला व्यायाम करायला लावते, तेवढा वेळ माझा. आज फिक मला कुठल्या कुठे घेऊन गेला. समुद्राकडे न वळता तो झाडीझाडीने दक्षिणेला निघाला. दर वळणावर थांबायचा, मी दिसले की पुढे. उतरून बाहेर आलो तर शेजारची वाडी, आख्तडॉर्प! तिथे सरळ रस्त्याने सायकलवर पाव तासात पोचता येतं. सीमला रानाची केवढी आवड, म्हणून हा लांबचा फेरा.

वाडीच्या कडेला निळ्या झडपांचं एक घर आहे. फिक थेट त्याच्या मागच्या दारी गेला आणि एकदाच भुंकला. दार लगेच उघडलं, जणू कोणी आत दाराच्या मुठीवर हात ठेवून उभं होतं. पासष्टीची बाई, केस नीट बांधलेले, बोटावर शिवणाचं अंगुस्तान. खाली वाकून तिने फिकचं डोकं दोन्ही हातांत धरलं. मग मान वर करून माझ्या मागे वाटेकडे बघत राहिली. मागे कोणी नव्हतं.

"तुम्ही नेल," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. फिकच्या मालकाची बहीण म्हणून ओळखलं असेल. आमची नाकं सारखी आहेत. तिने विचारलं, खाटीक सांगत होता तो पडला म्हणून, पाय राहिला ना? मी म्हटलं, राहिला, खुब्यात पोलादाचा खिळा घातलाय, वसंतापर्यंत काठीने चालेल. तर ती पायरीवर खालीच बसली. इतक्या हळव्या मनाची माणसं आता राहिलेली नाहीत.

तिचं नाव आफ्रा. विधवा आहे, हॉटेलांचे पडदे शिवते. फिकला पाणी दिलं. वाडगा दाराशीच होता.

३ नोव्हेंबर

सीमने फिकचे पंजे पाहिले. "ही वाळू कुठली?" मी म्हटलं, रस्त्यावर उडून येते. त्याने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी हातातली बशी पुन्हा पुसायला घेतली. "आख्तडॉर्पच्या बाजूला गेली होतीस?" मी नाही म्हटलं. पण त्याला नेमकं तेच गाव कसं सुचलं? रान माहीत असलेला माणूस वाळूवरून जागा ओळखत असेल.

रात्रीच्या जेवणाला म्हणाला, पेटनच्या शेतकऱ्याला, त्या आरी बोंटेला, मेंढ्यांसाठी कुत्रा हवा आहे. फिक त्याला देऊन टाकू. "तुझ्या डोक्याला तेवढाच ताप कमी." मी म्हटलं, मला ताप नाही. तो म्हणाला, "मला दिसतंय ना."

मी भांडी घासायला उठले. एकच पातेलं किती वेळ घासत होते कोण जाणे.

९ नोव्हेंबर

पुन्हा गेले. आज आफ्राने आत बोलावलं. स्वयंपाकघर लहान पण लख्ख. चुलीशेजारी लाकडं रचलेली, सगळी एका मापाची, साल खालच्या बाजूला. अगदी आमच्याकडे सीम रचतो तशी. मी म्हटलं, तुमच्याकडे कोणी चांगला माणूस येत असेल लाकडं फोडायला. ती म्हणाली, "यायचा."

कॉफी देताना मला पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची दिली. विचारलं, दार लावू का, वाऱ्याचा त्रास होतो का? बाहेर मोटार गेली तर माझ्याकडे पटकन पाहिलं. मी आजारी आहे असं हिला का वाटतंय? शेवटी म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांब आलात. जपून हं. मनाला झेपेल तेवढंच करा." मी हसले. म्हटलं, मला सगळं झेपतं, बाई. मी घोड्यासारखी आहे. ती हसली नाही.

सीमबद्दल मात्र भरभरून ऐकते. झोप लागते का, डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं का, ताकातली लापशी खातो का. मी सांगत बसले. घरी माझं इतकं कोणी ऐकत नाही. कानाचं मी आधी बोलले होते का? बोलले असेन.

१९ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं, कारण दोष माझा आहे.

रीतची वाट न बघता दुपारी निघाले तेव्हा आभाळ मोकळं होतं. उघड्या वाळूवर पोचले आणि समुद्रावरून धुकं आलं. आलं म्हणजे भिंत सरकावी तसं. माझेच पाय मला दिसेनात. फिकला हाका मारल्या, तो येऊन पायाला चिकटला. चालले तर वाळू चढायची की उतरायची तेही कळेना. दोनदा आपल्याच पावलांवर येऊन पोचले. शेवटी एका खळग्यात गवताच्या आडोशाला बसले, कुत्र्याला कोटात घेतलं. गार वाळू कमरेत शिरत होती, चारही बाजूंना पांढरं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. घरी पुढच्या खोलीतून "नेल" अशी हाक येते तेव्हा छातीत जे आवळतं, ते इथे नव्हतं. कोणी हाक मारू शकत नव्हतं. मी बसून राहिले, आणि धुकं विरलं तरी लगेच उठले नाही. हाच माझा दोष.

घरी आले तर सीम जमिनीवर. उठून दारापर्यंत जायला निघाला होता. अंगाखाली ओलं. रडला नाही, ओरडलाही नाही. मी त्याला उचलत असताना माझ्या कानाशी म्हणाला, "बघितलंस? तू गेलीस की असं होतं."

हाड सरकलेलं नाही, रीत म्हणाली. मला मात्र तिने बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याऐवजी कोणी येऊन बसेल का कधी? मी म्हटलं, आम्ही दोघंच आहोत.

२२ नोव्हेंबर

बाहेर गेले नाही. फिकला मागच्या अंगणात सोडते. तो कुंपणापाशी उभा राहून टेकड्यांकडे तोंड करतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. आम्ही दोघं एकाच दिशेला बघतो.

सीम आज गोड बोलला. आईची आठवण काढली. "आई गेली तेव्हा तू किती घाबरून गेली होतीस. तेव्हाच ठरवलं, नेलला सोडून लग्न करायचं नाही." हे मी कितीदा ऐकलंय. आईच्या वेळी मी घाबरले होते का? मला आठवतं ते इतकंच, की डेन हेल्डरच्या हॉस्पिटलात कपडे-विभागात मला काम लागलं होतं आणि बॅग भरलेली होती. ज्याने माझ्यापायी संसार मांडला नाही त्याला टाकून कसं जायचं? बॅग रिकामी केली. त्या उपकाराची फेड म्हणून मी इतकी वर्षं एकही दिवस त्याला गार जेवण वाढलेलं नाही.

२९ नोव्हेंबर

गारा. काही नाही.

४ डिसेंबर

आरी बोंटे उद्या फिकला न्यायला येणार. सीमने परस्पर रीतकडून निरोप धाडला. मी रीतला म्हटलं, आज थोडा जास्त वेळ बसशील का, शेवटचं फिरवून आणते. ती म्हणाली, "बसते. तुम्ही सावकाश या."

आफ्राला सांगणं भाग होतं. फिकचा तिला लळा आहे. वाऱ्याने वाळू गालांवर टोचत होती, झाडीत शिरेपर्यंत डोळे उघडता येईनात.

टेबलावर उद्याच्या सिंट निकोलासच्या सणासाठी चॉकलेटचं अक्षर ठेवलेलं, ज्याला द्यायचं त्याच्या नावाचं आद्याक्षर असतं ते, डब्यात, वर फीत. एस. मी म्हटलं, एस सगळ्यांत लवकर संपतं ना दुकानात, सिंटचं म्हणून. तिने नुसती फीत सरळ केली. मग मी म्हटलं, उद्या फिक जाणार, आता मी यायची नाही, एकटीने टेकड्यांत कशाला येऊ.

तिने हातातलं शिवण खाली ठेवलं. "फिकला देऊन टाकतोय तो?"

"हो. माझ्या डोक्याला ताप नको म्हणून."

"नेल," ती म्हणाली, "त्याने तुम्हाला माझ्याबद्दल कधी काहीच सांगितलं नाही?"

मी म्हटलं, काय सांगायचं? आणि म्हणता म्हणताच माझं मला ऐकू आलं. लाकडं. पाण्याचा वाडगा. डावा कान. त्या डब्यातलं एस सिंटचं नव्हतं. मी काही मूर्ख नाही. पण इतक्या दिवसांत मी या सगळ्याकडे बघत होते आणि तरी बघितलं नव्हतं.

तिचा नवरा गेल्याच्या दुसऱ्या वर्षापासून सीम येत होता. आठवड्यातून दोनदा. टेकड्यांतून, कारण रस्त्याने लोक बघतात. तिने त्याला कितीतरी वेळा लग्नाचं विचारलं होतं.

"तो म्हणायचा, नेलचं मन अधू आहे. घरात दुसरी बाई आली तर ती जगायची नाही. एकदा पाण्यात उडी टाकायला निघाली होती म्हणाला. म्हणून मी कधी तुमच्या दारात पाऊल टाकलं नाही. तो पडला तेव्हाही नाही. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले."

मी पाण्यात कधी उडी टाकायला निघाले नव्हते. ते मी तिला सांगितलं. आणि मला तो काय म्हणायचा, तेही सांगितलं.

तिने उठून चुलीत एक लाकूड सारलं. मग आफ्रा म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण दोघी एकमेकींना जपत होतो."

मला राग आला असं इथे लिहायला हवं. पण राग अजून पोचलेला नाही. येताना मात्र मी सरळ रस्त्याने आले. व्हिल्मा बेकरीच्या दारात होती. मी कुठून येतेय ते तिने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच आश्चर्य नव्हतं. गावात हे माहीत नसलेली एकटी मीच होते तर.

५ डिसेंबर

आरी बोंटे गाडी घेऊन आला. मी दारातच सांगितलं, कुत्रा द्यायचा नाही, तुम्हाला फुकट हेलपाटा पडला, कॉफी घेऊन जा. तो चांगला माणूस. दोन कप प्यायला आणि गेला.

पुढच्या खोलीतून सीमने हाक मारली. मी हात पुसून गेले. म्हटलं, "आफ्राला मी सांगितलंय तू बरा आहेस ते."

तो छताकडे बघत राहिला. आवाज इतका बारीक निघाला की तो त्याचाच का कळेना. "ती काय म्हणाली?"

"तू तिला काय सांगितलं होतंस, ते म्हणाली."

तो म्हणाला, "दोन्हीकडे ठीक चाललं होतं, नेल."

"कुणाचं?"

त्याने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाला, तुला इथे काय कमी पडलं, छप्पर, जेवण, कोळसा? कमी पडलेल्या गोष्टीला नाव असतं तर मी ती कधीच मागितली असती. मी त्याची उशी सारखी केली. सवयीने. आणि मग मला त्या उशीचाच राग आला, आणि तो आला तो संध्याकाळभर गेला नाही.

१७ जानेवारी

वहीला हात लावला नाही. चरांचं पाणी गोठलंय. आम्ही बोलतो ते फक्त मीठ दे, भांडं ने. मी रोज फिकला घेऊन टेकड्यांत जाते, आता विचारत नाही. सीम काही म्हणत नाही. आठवड्यातून एकदा आख्तडॉर्प. आफ्रा आणि मी एकमेकींना आता अगं-तुगं करतो.

मी तिला विचारलं, येतेस का घरी, त्याच्यापाशी? माझी हरकत नाही. खोली रिकामी आहे. ती म्हणाली, "वीस वर्षांपूर्वी बोलावलं असतंस तर धावत आले असते गं. आता मला माझं जेवण माझ्या वेळेला लागतं." मग जरा वेळाने, "आणि तू बोलावून काय उपयोग. पाय त्याला आहेत."

पण मला कळतं ते हे, की तिने त्याला बोलावलं नाही आणि मीही घर सोडून निघाले नाही. तिघंही आपापल्या खोलीत बसलोय आणि दारं उघडीच आहेत.

२४ फेब्रुवारी

सीम काठीने स्वयंपाकघरापर्यंत आला. टेबलाशी जेवला. रीत म्हणाली, पुढच्या आठवड्यात बाहेर, पण सपाट रस्त्यावरच. चढ नाही, वाळू नाही. यापुढे टेकड्या कधीच नाहीत, असं तिने त्याला स्पष्ट सांगितलं. तो मान हलवत राहिला.

मला एक वाईट विचार आला. तो चालायला लागला की फिकला तोच नेणार. मग मी कुठल्या निमित्ताने बाहेर पडणार? कुत्रं बरोबर असलं की कोणी विचारत नाही कुठे चाललीस. एकटी बाई टेकड्यांत दिसली तर सगळे विचारतात. मी दिवसभर चिडचिड केली, फिकवरसुद्धा ओरडले.

३ मार्च

हे मी समुद्रकाठच्या कॅलंट्सोख गावात लिहितेय. पण आधी सकाळचं.

उठून खाली आले तर सीम मागच्या दारी उभा. चांगला कोट, बूट घातलेले, दाढी केलेली, हनुवटीवर कापून घेतलेलं. एका हातात काठी, दुसरा हात पट्टा धरायला पुढे केलेला. "दे. मी नेतो आजपासून."

फिक शेपटी हलवत त्याच्या पायाशी. कुत्रा शेवटी त्याचाच. मी पट्टा दिला.

पुढच्या दारातून बघत राहिले. वाटलं, चर्चपर्यंत जाईल आणि वळेल. तो चर्चपाशी थांबला, दम घेतला, आणि पुढे निघाला. बेकरी. टेकड्यांच्या वाटेपाशी फिकने बसकण मारली, सीमने त्याला काहीतरी सांगितलं, आणि दोघं रस्त्यानेच पुढे गेले. आख्तडॉर्पच्या रस्त्याने. उजेडात, गावाच्या मधोमध, लंगडत. व्हिल्मा बाहेर येऊन उभी राहिली. खाटीकही. सीमने कुणाकडे पाहिलं नाही. मान ताठ होती, कान मात्र लालभडक, ते इतक्या लांबूनही दिसले.

आफ्रा दार उघडेल की नाही मला ठाऊक नाही. परवा विचारलं तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. मी ते बघायला थांबले नाही.

कोट चढवला आणि टेकड्यांची वाट धरली. हात सारखा खिशातल्या पट्ट्याकडे जायचा आणि पट्टा नसायचा. वळणावर थांबून माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर रस्ता दिसला, त्यावर एक काळा ठिपका आणि त्याच्या पुढे एक लहान ठिपका. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि समुद्रावर उतरले.

काम्परडाउनला टपरीवर उभ्याने तळलेला मासा खाल्ला. टपरीवाल्याने विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, वर, उत्तरेला. समुद्राच्या बांधावरून पेटन, पेटनवरून पुन्हा वाळूतून पुढे. पायाला फोड आले तेव्हा बूट काढून ओल्या वाळूवरून चालले. मार्चमध्ये! साठीच्या बाईने!

इथे चर्चसमोर एक बाई खोल्या देते. किती दिवस राहणार, असं तिने विचारलं. मी एक म्हणणार होते. तोंडातून "बघू या" निघालं. तिने किल्ली दिली आणि माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाली, "कुत्रा बाहेर आहे का? आत आणा, चालतं इथे."

मी म्हटलं, "नाही. मी एकटीच आहे."